पेण पासिंग, जपानी इंजिन

रायगडातली गाडी पनवेलच्या बाजूची नसेल, तर तिच्या पाटीवर एमएच-०६ असतं आणि तो क्रमांक देणारं परिवहन कार्यालय पेणला आहे. मालक रोह्याचा असो, म्हसळ्याचा असो की पोलादपूरचा, गाडी ‘पेण पासिंग’. सेकंडहँड बाजारात हे दोन शब्द कानावर पडले, की मुंबईचं जाणकार गिऱ्हाईक आधी वाकून गाडीच्या पोटाखाली बघतं. खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याचं काय करतो, हे त्याला माहीत असतं. इंजिनाबद्दल मात्र ते फार खोदून विचारत नाही. जपानी आहे ना, मग चिंता नाही.

ही बेफिकिरी कुठून आली आणि ती कितपत खरी, हे एकदा तपासून पाहायला हवं. हिशेब मांडायचा तो मुख्यतः सुझुकीचा. कारण पेण-रोह्यात जपानी गाडी म्हटलं की मारुतीच डोळ्यांपुढे येते. टोयोटाचा नंबर त्यानंतर, होंडा-निसान बरेच मागे. देशात विकल्या जाणाऱ्या दर दहा मोटारींतल्या चारेक आजही मारुती सुझुकीच्या असतात. पाच-सहा वर्षांपूर्वी तर पाच होत्या. महात्मा गांधी वाचनालयापासून रामवाडीपर्यंत किंवा रोह्याच्या धावीर मंदिरापासून धाटावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत चालत गेलं, तर हा आकडा कमीच वाटेल.

सुझुकी ही मुळात मोटारींची कंपनी नव्हे. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली हामामात्सु इथे माग बनवण्याचा कारखाना काढला. त्यांची पहिली मोटार, सुझुलाइट, आली १९५५ मध्ये. जपानमध्ये छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत होती, त्यामुळे लहान, हलकी, कमी पिणारी गाडी बनवण्यात या कंपनीचा हात बसला. तिला भारतात आणणारे ओसामु सुझुकी हे त्या घरचे जावई. मूळ आडनाव मात्सुदा, लग्नानंतर सासरचं आडनाव लावून त्यांनी काही दशकं कंपनी हाकली. आपल्याकडे घरजावयाची टिंगल होते, त्या घराण्यात मात्र कारभार जावयांनीच पाहायचा अशी जणू वहिवाट होती. ओसामु २५ डिसेंबर २०२४ रोजी वारले आणि पुढच्याच महिन्यात भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं.

इकडे संजय गांधींची मारुती लिमिटेड बाजारात गाडी न आणताच सत्तरच्या दशकात बुडाली होती. सरकारने ती ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड उभी केली. (त्याच वर्षी जानेवारीत मुख्यमंत्री अंतुल्यांनी कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव दिलं होतं. म्हणजे जिल्ह्याचं नाव आणि ही कंपनी एकाच वयाची.) जगातल्या बड्या कंपन्यांना त्या काळच्या भारतात फारसा रस नव्हता. सुझुकीने २६ टक्के भागीदारी घेतली, २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. नोंदणी लाखाच्या वर गेली. पुढे सरकार हळूहळू बाहेर पडलं. २००२ मध्ये सुझुकीकडे बहुमत आलं आणि २००७ मध्ये कंपनीच्या नावातच सुझुकी आलं.

त्याआधी पेण-रोह्यात मोटार म्हणजे कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसेडर, नाहीतर जीप. त्या डॉक्टरांकडे, मिठागरवाल्यांकडे, ठेकेदारांकडे असत. ऐंशीच्या दशकात या पट्ट्यात पगारदार वाढले. थळला राष्ट्रीय केमिकल्स, नागोठण्याला आयपीसीएल, धाटावला रासायनिक कारखाने. हातात दरमहा ठरलेली रक्कम आणि कंपनीकडून वाहनकर्ज, असा हा नवा वर्ग होता. ८०० ही त्याच्या ऐपतीची पहिली गाडी ठरली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, बारा इंची चाकं. गॅरेजवाल्यांनी आधी नाकं मुरडली. एवढंसं इंजिन, एवढासा पत्रा, ही गाडी कर्नाळ्याची खिंड कशी काढणार? तिने काढली. पावसात पहाटे पहिल्या चावीला सुरू झाली. शिवाय साइडपट्टीच्या चिखलात रुतलीच, तर चार माणसांनी उचलून परत डांबरावर ठेवता आली. कुणी ‘डबा’ म्हणालं तरी मालक रागावत नसे, कारण धक्का मारायला त्याला उतरावं लागत नव्हतं.

पण मारुतीचं नाव झालं त्यात गाडीच्या गुणाइतकाच सुट्या भागांचा वाटा आहे, आणि तो नेहमी विसरला जातो. सरकारची अट होती की भाग हळूहळू देशातच बनले पाहिजेत. त्यासाठी कंपनीने पुरवठादारांची मोठी फळी उभी केली. परिणाम असा झाला की दहा वर्षांत क्लचप्लेट, ब्रेकशू, शॉकअप, लिंकरॉड, इंजिन माउंटिंग हे सगळं लहान गावातल्या दुकानात मिळू लागलं. कंपनीचं, कंपनीसारखं आणि अगदीच स्वस्त अशा तीन भावांत. गॅरेजमधला पोरगा ज्या गाडीवर हात साफ करतो ती गाडी त्या गावात टिकते. पेण-रोह्यातली दोन पिढ्यांची गॅरेजं मारुतीवरच शिकली. वाटेत नागोठण्याला गाडी बंद पडली, तर टोचन लावून कुठे न्यायची हा प्रश्नच पडत नाही. जवळ जे गॅरेज असेल तिथे. लोक ज्याला जपानी दर्जा म्हणतात, त्यातला मोठा हिस्सा या सोयीचा आहे असं माझं मत आहे.

याचा उलटा पुरावाही आहे. निसानने डॅटसन हे जुनं जपानी नाव २०१४ मध्ये स्वस्त गाड्यांसाठी भारतात आणलं आणि २०२२ मध्ये गुंडाळलं. होंडा सिटी १९९८ पासून रस्त्यावर आहे, इंजिन तर मारुतीच्या तोंडात मारेल असं. तरी आमच्याकडे ती शहरात नोकरी करून सणाला येणाऱ्यांचीच राहिली, कारण काही निघालं की पनवेल गाठा. मित्सुबिशीच्या लान्सरचं कौतुक करणारे आजही भेटतात, तिचे भाग शोधणारेही भेटतात. हे सगळेच जपानी होते. नुसत्या जपानवर गाडी चालली असती तर यांचं असं झालं नसतं.

टोयोटाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात एक मराठी धागा आहे. १९९७ मध्ये टोयोटाने भारतात भागीदार निवडले ते किर्लोस्कर. लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली होती. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर टोयोटाची मोटार बनवायला बंगळूरजवळ बिडदीला उभे राहिले. जानेवारी २००० मध्ये क्वालिस आली. दिसायला ती जुनाट होती आणि तशी टीकाही झाली. पण ट्रॅव्हल्सवाल्यांना दिसण्याशी कर्तव्य नव्हतं. दहा माणसं, टपावर सामान, गाणगापूर-अक्कलकोट-तुळजापूर करून आलेली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा भाड्याला तयार, यावर क्वालिसचं नाव झालं. २००५ मध्ये ती बंद करून कंपनीने इनोव्हा आणली, तेव्हा ड्रायव्हर लोक हळहळले होते. इनोव्हाने ती हळहळ सालभरात संपवली. दोन-तीन लाख किलोमीटर होऊनही इंजिन न उघडलेली इनोव्हा ही ऐकीव गोष्ट नाही, पेणच्या टॅक्सीवाल्यांकडे विचारा. इथे गाडीचा दर्जा खरोखर गाडीचाच आहे. फक्त त्याची किंमत सुरुवातीलाच मोजावी लागते आणि सेकंडहँड घेणाऱ्यालाही पुन्हा मोजावी लागते.

आता गंमत पाहा. २०१९ पासून सुझुकी आणि टोयोटा एकमेकांच्या गाड्या आपापल्या नावाने विकतात. बलेनोची ग्लान्झा झाली, पुढे अर्टिगाची रुमियन झाली. ‘मी मारुती घेत नाही, टोयोटा घेतो’ असं ठासून सांगणारा मालक ग्लान्झा चालवत असेल, तर त्याच्या बोनेटखाली सुझुकीचंच इंजिन आहे.

तशीच गोष्ट स्विफ्ट आणि डिझायरच्या डिझेलची. पेण-रोह्यात मारुतीच्या नावाचा सुवर्णकाळ कुठला असं विचारलं, तर मी २००७ ते २०२० म्हणेन. लिटरला वीसच्या वर अॅव्हरेज, एसी लावूनही घाटात दम, आणि आजही विकायला काढली की हातोहात जाते. आमच्याकडचा मालक हे जपानी इंजिन म्हणून मिरवायचा. ते १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं, म्हणजे इटलीचं. सुझुकी ते परवान्यावर बनवत होती. इतकंच नव्हे, डिझेलची मागणी पुरेना तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातून वर्षाला लाखभर इंजिनं घ्यायचा करार केला. तेव्हा एखाद्या पेण पासिंग डिझायरचं ‘जपानी’ काळीज पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात तयार झालेलं असू शकतं. टाटाच्या त्या वेळच्या गाड्यांतही हेच इंजिन होतं, पण तिथे त्याचं एवढं कौतुक कुणी केलं नाही. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल सोडून दिलं.

पण पेण-रोह्याचा मारुतीशी खरा व्यवहार झाला तो सात जणांच्या गाडीतून. १९८४ मध्ये व्हॅन आली, तिचीच पुढे ओम्नी झाली. ८०० चंच इंजिन पुढच्या सीटखाली, बाजूला सरकता दरवाजा, मागे पाटे. ती शाळेची गाडी झाली, रुग्णवाहिका झाली, केटररची झाली. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून गणपती न्यायला सीटा काढून आणलेली ओम्नी हे दृश्य तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. २०१९ मध्ये ती बंद झाली. तोवर २०१० मध्ये आलेल्या इकोने तिची जागा घेतली होती, १२०० सीसीच्या इंजिनासह. हीदेखील मागच्या चाकांवर चालणारी, म्हणून माणसं आणि माल भरून सुकेळी किंवा भिसे खिंड चढायला बरी. एकेकाळी या भागात लोकांची भिस्त एसटीवर, आणि एसटी चुकली तर सहा आसनी विक्रम-मिनिडोअरवर. विक्रम लखनौचा, मिनिडोअर आकुर्डीच्या बजाज टेम्पोचा. तीन चाकं, कानठळ्या बसवणारं डिझेल इंजिन आणि उतरल्यावरही अंगात राहणारी थरथर. त्यांच्या बाजूला इको उभी राहिली तेव्हा तिला जाहिरातीची गरज पडली नाही. कारखान्यातूनच सीएनजी बसवून मिळू लागल्यावर तर धंद्याचं गणित आणखी सोपं झालं. फक्त आता वेळ पंपावरच्या रांगेत जातो.

धंदेवाईक ड्रायव्हरचं मत घरगुती मालकाच्या मताहून मला जास्त वजनदार वाटतं. घरची गाडी वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालते, तेवढ्यात कुठलीही गाडी चांगलीच वाटते. इकोवाला तेवढं दोन-तीन महिन्यांत करतो. तो सांगेल की इंजिनाला काही होत नाही, तेल वेळेवर बदललं तर. क्लचप्लेट लवकर जाते, पुढचे शॉकअप आणि बुश आपल्या खड्ड्यांना पुरत नाहीत, उन्हाळ्यात सीटखालच्या इंजिनाने बूड भाजतं, आणि एसीकडून फार अपेक्षा ठेवू नये. हे सगळं सांगूनही पुढची गाडी तो इकोच घेतो, कारण जुनीचे पैसे नीट येतात. रिसेल हा पेण-रोह्यातल्या मारुतीभक्तीचा पाया आहे. अडीनडीला, लेकीच्या लग्नाला, कोर्टकचेरीला आठवड्यात रोकड करता येईल अशी वस्तू म्हणून लोक तिच्याकडे पाहतात.

महामार्गाचं गाऱ्हाणं इथे टाळता येत नाही. मुंबई-गोवा रस्त्याच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला. त्यानंतर वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात गाडीच्या खालच्या भागांनी जे सोसलं, त्याची भरपाई कुठल्याच विम्यात मिळत नाही. एका परीने मारुतीचा लौकिक या रस्त्यानेच वाढवला. सगळ्याच गाड्यांचे बुश जात होते, मारुतीचे स्वस्तात बदलून मिळत होते.

गंज ही मात्र तिची उघडी बाजू. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी, खारेपाट आणि मिठागरं. पावसाचं मान तीन हजार मिलिमीटरच्या घरात. हलकी गाडी करायची तर पत्रा पातळ लागतो आणि पातळ पत्र्याला गंज खायला वेळ लागत नाही. जुन्या ८०० आणि ओम्नीत पायाखालची चटई उचलली की रस्ता दिसायचा, हा विनोद नव्हता. ओम्नीच्या सरकत्या दाराची खालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, बॅटरीखालचा ट्रे ही ठरलेली ठिकाणं. नव्या गाड्यांचा पत्रा पुष्कळ सुधारला आहे, पण खाडीकाठी दरसाल पावसाआधी खालून कोटिंग आणि दारांच्या खालची पाणी जायची भोकं साफ करणं याला पर्याय नाही. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी गाडी पुन्हा पेणच्या कार्यालयात न्यावी लागते, तेव्हा इंजिन ठणठणीत आणि पत्रा चाळण अशी गाडी घेऊन मालक उभा असतो. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आहे. अनेक ८०० चा निकाल तिथेच लागला.

यापेक्षा गंभीर बाब जिवाची. २०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपी या संस्थेने अल्टो ८०० आणि स्विफ्टची धडक-चाचणी केली, दोन्हींना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. २०१६ मध्ये इकोलाही शून्य. २०२० मध्ये एस-प्रेसोलाही शून्य. दरम्यान डिसेंबर २०१८ मध्ये टाटाच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि ‘जपानी म्हणजे दर्जा’ या समजाला पहिला खरा तडा गेला. ती गाडीही रांजणगावचीच. मारुतीच्या ब्रेझाला २०१८ मध्ये चार तारे होते, म्हणजे कंपनीला येत नव्हतं असं नाही. स्वस्त गाडीच्या गिऱ्हाइकाला ते द्यायची घाई नव्हती. कंपनी म्हणायची की आम्ही सरकारी नियम पाळतो, आणि ते खरं होतं. पण नियमाच्या काठावर उभं राहून लौकिकाचा दावा करता येत नाही.

मालकांची बाजूही स्वच्छ नाही. आपण अॅव्हरेज विचारलं, रिसेल विचारला, एअरबॅग विचारली नाही. वर ‘आपल्या रस्त्यावर कुठे एवढा वेग असतो’ असं समर्थन दिलं. ते समर्थन आता संपलं आहे. जिथे चौपदरी काँक्रीट पूर्ण झालं, तिथे याच गाड्या शंभरने धावतात आणि समोरून उलट्या दिशेने दुचाकी येते. सात आसनांच्या इकोत दहा-अकरा जण बसवून भिसे खिंड उतरणं हा तर कुठल्याही कंपनीच्या दर्जाचा विषय राहत नाही. ते पाप भरणाऱ्याचं, बसणाऱ्याचं आणि बघणाऱ्या पोलिसाचं.

कंपनीने उशिरा का होईना दिशा बदलली. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला पाच तारे मिळाले, मारुतीच्या गाडीला पहिल्यांदाच. २०२५ मध्ये अल्टो, वॅगनआर, इको यांनाही सहा एअरबॅग आल्या. एअरबॅग वाढल्या म्हणजे सांगाडा मजबूत झाला असं मात्र नव्हे, आणि इकोच्या बाबतीत हा फरक लक्षात ठेवलेला बरा. पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे तिथे फार काही नाही.

इंजिनांबद्दलची जुनी निर्धास्तीही आता थोडी तपासून घ्यावी लागेल. स्मार्ट हायब्रीड गाड्यांतल्या मोटर-जनरेटरच्या दोषासाठी डिसेंबर २०१९ मध्ये ६३ हजारांवर आणि सप्टेंबर २०२१ मध्ये १ लाख ८१ हजारांवर गाड्या कंपनीने परत बोलावल्या. परत बोलावणं ही जबाबदारीची खूण आहे, बदनामीची नव्हे. पण गावातल्या गॅरेजला हा दोष ना दिसतो ना दुरुस्त करता येतो. कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आलं तेव्हा काही जुने मेकॅनिक मागे पडले, पोरांनी स्कॅनर घेतले आणि निभावलं. आता सेन्सर, हायब्रीड आणि उद्याची बॅटरी. ज्या सोयीवर पेण-रोह्यात मारुतीचं नाव उभं राहिलं, ती सोयच कंपनीच्या नव्या गाड्यांबरोबर गावातून उठून अधिकृत सर्व्हिस सेंटरात चालली आहे. इथल्या लौकिकाला धोका आहे तो हा, तार्‍यांचा नव्हे.

माझा निकाल असा. भरपूर चालणाऱ्या, कुटुंब मोठं असलेल्या आणि पैसे असलेल्या माणसाने इनोव्हा घ्यावी, जुनी मिळाली तरी. घरगुती वापराला नवी डिझायर हा आज मारुतीचा सर्वांत प्रामाणिक सौदा आहे. मालवाहतुकीला इको उत्तम, शाळेच्या मुलांसाठी नाही. पेण पासिंगची जुनी मारुती घेणार असाल, तर इंजिन ऐकण्याआधी चारही चटया उचला, स्टेपनी काढून तिच्या खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकून ती परत बोलावलेल्या गाड्यांत आहे का ते तपासा. ते काम फुकट होतं.